कर्तृत्वांक

निरोप आला तेव्हा बाईसाहेब नाचणीची खीर खात होत्या. चमचा प्रथमेशच्या हातात होता, पण कोणता घास घ्यायचा, कोणता थुंकून द्यायचा आणि वेलदोडा जास्त झाला की भुवया किती चढवायच्या, हा सगळा कारभार त्यांचा होता. तेवढ्यात भिंतीवरच्या बोलमापी यंत्राचा दिवा पिवळा झाला आणि आतली बाई साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. आपल्या घरी लाभार्थी बालक आढळलेले नाही. आढळलेल्या व्यक्ती तीन. पुरुष एक, महिला दोन. त्यांपैकी एक महिला ज्येष्ठ असून घरात मानाच्या स्थानी आहे. बालकासाठी दिलेली सर्व मदत महिनाअखेरीस परत घेतली जाईल. आपले घर बोलते आहे, आपण निश्चिंत राहा."

"ज्येष्ठ महिला?" प्रथमेशनं चमचा वाटीत आपटला. "ज्येष्ठ?"

ज्येष्ठ महिला आठ वर्षांची होती. खरं नाव वारणा. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नसत आणि जीभही वळत नसे. डोळे मात्र भलतेच तरतरीत. त्या डोळ्यांच्या जोरावर ती सगळ्या घरावर हुकूम चालवी, म्हणून बापानं तिला पाळण्यातच 'बाईसाहेब' ही पदवी देऊन टाकली होती. बाईसाहेब उठल्या. बाईसाहेबांनी अंघोळ उरकली. बाईसाहेब शाळेत गेल्या. प्रथमेश पाटोळेचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं आणि तिथं येणारं गिऱ्हाईकही आधी "बाईसाहेब हायेत का?" असंच विचारी. तिची आई शीतल दूध डेअरीत पाळीवर जायची, त्यामुळे सकाळचा दरबार बाप-लेकीचाच असे.

आता ही मदत म्हणजे काय, ते सांगायला हवं. एक होती सुमैया. ती सरकारनं शिकवून तयार केलेली सोबतीण. वारणाबरोबर शाळेत जाणं, तिला खाऊपिऊ घालणं, तासातासाला तिची बैठक बदलणं हे तिचं काम. सुमैया नसेल तर शाळा वारणाला घेणार नव्हती, आणि शीतल किंवा प्रथमेश दिवसभर शाळेत बसले असते तर घरात चूल पेटली नसती. दुसरी मदत म्हणजे नेत्रफलक. खुर्चीला बसवलेली ही एक पाटी. वारणा तिच्यावरच्या ज्या शब्दाकडे बघे तो शब्द पाटी मुलीच्या आवाजात उच्चारी. संध्याकाळी शाळेची गाडी दारात थांबली, सुमैयानं खुर्ची उंबऱ्यावरून आत ढकलली, की दुकानभर ऐकू जाई, "मी आले!" त्यावर प्रथमेश हातातली कात्री खाली ठेवून म्हणे, "बाईसाहेब आल्या! आता दुकान चालायला लागलं बघा." हे रोज चाले आणि रोज दोघांनाही नवं वाटे.

सुमैया गेली आणि फलक गेला, तर वारणानं घरात पडून छताकडे बघायचं, एवढंच उरत होतं.

आणि बोलमापी? ते यंत्र मुळात वाईट हेतूनं आलेलं नव्हतं, हे प्रथमेशही मान्य करी. त्याच्या आजीकडून त्यानं जुन्या काळच्या गोष्टी ऐकल्या होत्या. अपंगत्व टक्क्यांत मोजायचे. पोराला पाठुंगळी मारून जिल्ह्याच्या गावी शिबिराला न्यायचं, लिफ्ट बंद म्हणून तिसरा मजला चढायचा, वर गेल्यावर साहेब जेवायला गेलेले असायचे. जन्मतः पाय नसलेल्या पोरालाही पाच वर्षांनी पुन्हा न्यावं लागे, अजून पाय फुटले नाहीत ना, ते बघायला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण तेव्हा म्हण नव्हती, साधी माहिती होती. बोलमापीनं ते सगळं एका झटक्यात बंद केलं. ना अर्ज, ना शिबिर, ना साहेब. बशीएवढं यंत्र भिंतीवर टांगायचं. ते घरातलं बोलणं ऐकतं आणि त्यावरून पोराला किती आधार लागतो ते स्वतःच ठरवतं. लाखो घरांत ते बिनबोभाट चाललं होतं. घोडं अडलं ते पाटोळ्यांच्या दारात.

प्रथमेशनं दुकानाचं शटर ओढलं आणि वारणाला घेऊन तो तालुक्याच्या बालसहाय्य कक्षात गेला. तिथं माळी नावाचे एक सहायक होते. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं काही नीट ऐकून घेतलं.

"साहेब, ही बघा," प्रथमेश म्हणाला, "हीच लाभार्थी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"दिसतीय की मला." माळींनी वारणाकडे बघून हात हलवला. "पण मला दिसून काय उपयोग, भाऊ? बोलमापीला दिसाया पाहिजे."

"तिला डोळंच न्हाईत!"

"तेच तर. तिला ऐकू जायाला पाहिजे."

"मग तुम्ही लिहून द्या की, मूल समक्ष पाहिलं म्हणून."

"लिहायचं कशावर?" माळींनी दोन्ही हात पसरले. त्यांच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासाखेरीज काही नव्हतं. "कागद बंद झाला. समक्ष पाहणं तर त्याच्याही आधी बंद झालं. समक्ष पाहण्यातच सगळा घोटाळा व्हायचा ना पूर्वी."

प्रथमेशनं कपाळावर हात मारला. वारणानं फलकावर काहीतरी शोधलं आणि फलक म्हणाला, "भूक लागली." माळी फार हळहळले. त्यांनी ड्रॉवरमधून राजगिऱ्याची वडी काढून दिली आणि एक तक्रार वर पाठवली. "बालक न आढळणे हा यंत्राचा दोष धरतात," ते म्हणाले, "त्याला माणूस येतो. नशीबवान आहात."

माणूस आला तो थेट बोलमापी बनवणाऱ्यांपैकीच. डॉ. अन्वया केळुसकर भाषावैज्ञानिक होत्या. शीतलची त्या दिवशी सुट्टी होती. तिनं चहा केला, डॉक्टरबाई दुकानातल्या अर्धवट शिवलेल्या सीटवर बसल्या आणि त्यांनी आधी वारणाला नमस्कार केला. तेवढ्यानं प्रथमेशचा निम्मा राग उतरला.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही हिला अहो-जाहो करता. यंत्राला वाटलं, घरात सासूबाई आहेत."

शीतल तोंडावर पदर धरून हसली. डॉक्टरबाईंनी आपल्या हातातल्या पाटीवर दोन-तीन खुणा केल्या, बाईसाहेब म्हणजेच वारणा अशी यंत्राची समजूत घातली आणि त्याला साठलेला हिशेब पुन्हा करायला लावला. बोलमापीचा दिवा थोडा वेळ लुकलुकला.

"बालक आढळले," आतली बाई म्हणाली. "कर्तृत्वांक बहात्तर. बालक स्वावलंबी आहे. अभिनंदन."

आगीतून उठून फुफाट्यात, ते हे असं.

"बहात्तर म्हणजे?" प्रथमेशनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "शाळेत व्याकरण आठवतंय? 'मूल पाणी पितं' आणि 'आई मुलाला पाणी पाजते'. पिणं आणि पाजणं. जेवणं आणि भरवणं. उठणं आणि उठवणं. क्रियापदात एवढासा फरक, पण त्यावरून भांडं कोणाच्या हातात आहे ते कळतं. अर्जात माणूस खोटं लिहितो. कुणी जास्त लिहितो, कुणी लाजेनं कमी लिहितो. पण घरात बोलताना क्रियापदांकडे कोण लक्ष देतं? ती आपोआप खरी येतात. आम्ही हजारो घरांत पडताळून पाहिलं. दोन डॉक्टरांचं एकमेकांशी जेवढं जुळत नाही तेवढं व्याकरणाचं मुलाच्या प्रकृतीशी जुळतं. मूल वाक्यात किती वेळा कर्ता असतं, म्हणजे स्वतः काही करणारं असतं, आणि किती वेळा दुसरा कोणी त्याच्यासाठी करत असतो, त्याचं प्रमाण म्हणजे कर्तृत्वांक. शंभरपैकी. तो चाळिसाच्या खाली असेल त्याला मदत."

"आणि हिचा बहात्तर."

"तुम्ही म्हणता, बाईसाहेब जेवल्या. बाईसाहेबांनी अंघोळ केली. बाईसाहेब शाळेत गेल्या. या घरात सगळं हीच करते."

"माझा स्वतःचा किती येतोय?"

डॉक्टरबाईंनी पाटीवर पाहिलं आणि जरा ओशाळल्या. "एकोणसाठ."

"बरोबर हाय," शीतल म्हणाली. "ह्यांना मी सारखं उठवत असते."

प्रथमेशला हसू आलं नाही. "मॅडम, तुमच्या डोळ्यांदेखत बसलीय ती. हातानं टाका की अडतीस."

"हात घालायची सोय मीच काढून टाकलीय. ती होती तेव्हा कोणाकोणाचे हात आत गेले, ते जुन्या माणसांना विचारा. पण एक करता येतं. चूक आमची होती म्हणून मी पुन्हा तपासणी लावते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मदत चालू राहील. तोवर तुम्ही बोलणं बदला."

"खोटं बोलू?"

"नाही हो. खरं बोला. तुम्ही तिला भरवता ना? मग भरवलं म्हणा. उचलता ना? उचललं म्हणा."

"ती जेवते, मॅडम." प्रथमेशचा आवाज चढला. "चमचा माझ्या हातात असतो, एवढंच. नको असलं तर ती तोंड मिटून घेते, आणि तुमचं सगळं सरकार आलं तरी ते उघडत न्हाई. मग जेवलं कोण? मी का ती?"

"दोन्ही खरं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण यंत्राला एकच मोजता येतं."

वारणाचे डोळे फलकावर भराभर फिरले. "मी जेवले," फलक ठणकावून म्हणाला.

बोलमापीचा दिवा लुकलुकला. "कर्तृत्वांक त्र्याहत्तर."

"मुलाचं स्वतःचं बोलणं यंत्र फार मोलाचं धरतं," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "ते सर्वांत विश्वासाचं." जाताना दारात थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बोलमापीचा एक कान नेत्रफलकातही बसवलेला होता. म्हणजे भिंतीपासून लांब गेल्यानं सुटका नव्हती, खुर्ची जाईल तिथं कान जाणार. फलक त्याच कानानं घरातलं बोलणं ऐके आणि घरात जे शब्द रोज बोलले जातात ते वारणासाठी पहिल्या पानावर आणून ठेवी. "म्हणजे तिला शोधत बसावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "सोयीसाठी."

दुसऱ्या दिवसापासून पाटोळ्यांच्या घरात व्याकरणाचा तास सुरू झाला.

"वारणा उठली का?" शीतल सवयीनं विचारी.

"उठली न्हाई, उठवली," प्रथमेश दात ओठ खाऊन म्हणे. "मी तिला उठवली. मी तिला धुतली. आता मी तिला भरवतोय."

"दादा, 'बसली' म्हणू नका," सुमैया कुजबुजे. तिचीही नोकरी याच्यावरच होती. "'बसवली' म्हणा."

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना हसू फुटे. तोंडातून जुनं वाक्य निसटलं की शीतल जीभ चावी. गिऱ्हाइकांना सांगून सांगून प्रथमेशच्या नाकी नऊ आले. कोणी "बाईसाहेब काय म्हणतायत?" असं ओरडत आत आलं, की तो शिवणयंत्रावरून अंगावर धावून जाई. वारणाला वाटे, हा काहीतरी नवा खेळ आहे. ती बापाकडे, मग आईकडे, मग भिंतीवरच्या दिव्याकडे आळीपाळीनं बघे. आकडा उतरू लागला. साठाच्या खाली आला, पन्नासाच्या खाली आला. दर खेपेला प्रथमेशला बरं वाटे आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा संताप येई. पोरीच्या बापानं कशावर खूश व्हावं, याला काही सुमार?

एक पळवाट त्यानं शोधून काढली होती. अंघोळीच्या वेळी खुर्ची आणि फलक बाहेर राहत. तो मोरीचा नळ मोठा सोडी आणि पाण्याच्या आवाजात लेकीच्या कानाला तोंड लावून म्हणे, "बाईसाहेब अंघोळ करतायत. बाईसाहेब साबण लावतायत." वारणा खिदळे. टाकी रिकामी होऊ लागली तशी शीतल कुरकुरली, पण कारण कळल्यावर गप्प बसली.

गणपती गेले, नवरात्र आलं. आता वाक्यं ओढून आणावी लागत नव्हती. ती आपोआप येत होती, आणि त्यांच्यामागून एक विचित्र गोष्ट आली. प्रथमेशची कंबर दुखू लागली. वारणाचं वजन काही एका महिन्यात वाढलं नव्हतं. पण बाईसाहेब खुर्चीत बसत होत्या तोवर त्याच्या कंबरेचा त्यात काही संबंध नव्हता. आता दिवसातून दहादा 'मी तिला उचललं' म्हणायचं, आणि दहाही वेळा ते अंगावर येई. तो शेजाऱ्यांना सांगू लागला, किती करावं लागतं हिचं, म्हणून. ते खरंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. एकदा दुकानात गर्दी होती, त्यानं वारणाला घाईघाईनं धुतलं आणि बाहेर आणलं. नळ बारीकच होता. नंतर त्याच्या ध्यानात आलं, कानात बोलायचं राहिलं. आणि मग ध्यानात आलं की ते बरेच दिवस राहतच होतं. कधीपासून, ते त्याला आठवेना.

वारणाही आताशा गप्प असे. संध्याकाळी गाडी येई, खुर्ची उंबऱ्यावरून आत येई, आणि फलक काही बोलत नसे. "दमली असेल," शीतल म्हणाली. "दिवसभर बसवून ठेवतात तिला."

आकडा एकेचाळीसवर येऊन अडला तो अडलाच. दिवाळीची सुट्टी लागायला एकच दिवस उरला. प्रथमेशनं डॉक्टरबाईंना फोन लावला.

"एक-दोनानं काय बिघडतंय, मॅडम?"

"माझ्या हातात असतं तर..." त्या म्हणाल्या, आणि पुढे त्यांनी मुद्दाम विषय बदलला. "वारणा काय म्हणते?"

"काही म्हणत न्हाई. आजकाल बोलतच न्हाई."

"आजकाल म्हणजे कधीपासून?" त्यांनी विचारलं. पण तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि प्रथमेशनं फोन ठेवला.

सुमैयानं खुर्ची उंबऱ्यावरून आत ढकलली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. शाळेत सगळ्यांचा निरोप घेऊन आली होती. खुर्ची दुकानाच्या मधोमध थांबली. वारणानं बापाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि फलकावर नजर नेली. ती कितीतरी दिवसांनी शब्द शोधत होती. प्रथमेशनं कात्री खाली ठेवली.

"मला आणलं," फलक म्हणाला.

आवाज तोच, मुलीचा. प्रथमेशला वाटलं, पोरीची नजर चुकली. तो खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. पहिल्या पानावर सगळे शब्द ओळीनं मांडलेले होते. मला उठवलं, मला धुतलं, मला भरवलं, मला आणलं. 'मी आले' तिथं नव्हतं. तो पानं पुढे सरकवत गेला. ते अगदी शेवटच्या पानावर, कोणी न वापरलेल्या शब्दांच्या तळाशी होतं. त्यानं ते पान वारणासमोर धरलं आणि नुसतं बोट ठेवलं.

वारणानं त्या दोन शब्दांकडे बघितलं. पण फलक बोलावा इतका वेळ तिनं नजर तिथं टेकवली नाही. नजर उचलून तिनं पहिलं पान मागवलं.

"मला आणलं. मला उतरवलं. आता मला भरव."

भिंतीवरचा दिवा हिरवा झाला. "कर्तृत्वांक एकोणचाळीस," आतली बाई म्हणाली. "बालकाच्या स्वतःच्या बोलण्यातून नोंदीला दुजोरा मिळाला आहे. मदत यापुढे कायम राहील. पुन्हा तपासणी होणार नाही. अभिनंदन."

सुमैयानं ओरडून टाळ्या वाजवल्या आणि शीतलला फोन लावायला ती बाहेर धावली. प्रथमेश गुडघ्यांवर तसाच राहिला. पोरगी हुशार होती. तिनं सगळं ऐकलं होतं, एकेचाळीस ऐकलं होतं, सुमैयाचं रडणं ऐकलं होतं. हे तिनं यंत्रासाठी म्हटलं की तिला आता असंच वाटतं? तोंडापर्यंत आलेला प्रश्न त्यानं गिळला. विचारला असता, तर उत्तर यंत्रानंही ऐकलं असतं.

वारणा त्याच्याकडे बघत होती. भुवया चढलेल्या नव्हत्या. तो काही म्हणेल म्हणून ती थांबली होती, रोज थांबायची तशी.

"हो बाळ," प्रथमेश म्हणाला. "आणलं तुला."